दोन पेठांचा सामना भरल्या मैदानात व्हावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ हे फुटबॉल संघ समोरासमोर येत आहेत. म्हणजे मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ. सांगलीच्या अंकात या पत्राचं काय काम, असं कुणाला वाटेल. पण सामन्याच्या दिवशी दुपारी अंकलीच्या पुलावरून पलीकडे जाणाऱ्या मोटारसायकली ज्यांनी पाहिल्यात, ते असं विचारणार नाहीत. सांगली, मिरज, कुपवाडची कितीतरी पोरं या सामन्यासाठी कोल्हापूर गाठतात. कुणाचं आजोळ तिकडचं, कुणाची सासुरवाडी, कुणाला नुसताच फुटबॉलचा नाद. मी मंगळवार पेठेची माहेरवाशीण. लग्न होऊन विश्रामबागेत आले, इथं आमचं औषधांचं दुकान आहे. हा सामना लागला की दुकान दुपारनंतर बंद असतं, हे आमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना ठाऊक झालंय.

पत्र लिहायला बसले, कारण गेल्या काही दिवसांत कानावर येतंय ते ऐकून चैन पडेना. सामना होणार की नाही इथपासून सुरुवात. मग कुणी म्हणतं, होणार, पण प्रेक्षकांना आत सोडणार नाहीत. कुणी म्हणतं, एकाच पेठेला पास देणार. यातलं खरं किती आणि पारावरचं किती, देव जाणे. पण प्रत्येक मोठ्या सामन्याआधी असं बोललं जातं, आणि दरवेळी त्यावर माना डोलावणारी माणसं थोडी वाढलेली दिसतात. ‘राडा नको, मग गर्दीच नको’ हा उपाय शहाण्यासुरत्या लोकांनाही पटायला लागलाय. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहायची परवानगी द्यावी.

आधी आमच्या घरातलं सांगते. माझ्या भावाची बायको शिवाजी पेठेतली. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी हुंडा-मानपानाचा विषयच काढला नाही, पण ‘पोरगी आमची, तुमच्या घरात येऊन आमच्याच संघाला ओरडणार, चालंल का?’ हे मात्र तिच्या वडिलांनी भर बैठकीत विचारलं होतं. माझे वडील म्हणाले, ‘खुशाल वरडू दे, फक्त गोल झाल्यावर रडू नको म्हणावं.’ तेव्हापासून घरात नियम आहे: ज्यांचा संघ हरेल, त्यांनी त्या रात्री स्वयंपाक करायचा, आणि तोही साधासुधा नाही, मटणाचा बेत, तांबडा-पांढरा रस्सा दोन्ही. वहिनीच्या हाताला चव आहे, त्यामुळे आमचा संघ जिंकला तर घरात दुप्पट आनंद. आम्ही हरलो तर मी आणि भाऊ मिळून पांढऱ्या रश्श्यासाठी खोबऱ्याचं दूध काढत बसतो आणि वहिनी दारात उभी राहून दुसरा गोल कसा झाला ते पुन्हा पुन्हा सांगते. हा सामना म्हणजे काय, हे मला असं घरातून माहीत आहे. ईर्षा आहेच. ती नसती तर एवढ्या उन्हात कोण जाऊन बसलं असतं? पण त्या ईर्षेला रात्री एका ताटात जेवायची सवय आहे.

वडील सामन्याला जाताना खिशात खारे शेंगदाणे घेऊन जायचे आणि पायऱ्यांवर स्वतःची चप्पल खाली घेऊन तिच्यावर बसायचे. मला शाळकरी वयापासून सोबत न्यायचे. मुलगी मैदानात कशाला, असं शेजारपाजारचं कुणी बोललंच तर म्हणायचे, ‘तिला बॉल कळतो, तुला कळतो का सांग.’ ऑफसाइड काय असतं हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. त्यांनी पायरीवर शेंगदाण्याचे दाणे मांडून दाखवलं होतं, हा शेवटचा बचावपटू, हा आपला, पास सुटताना हा दाणा त्या दाण्याच्या पुढं असेल तर पंच झेंडा दाखवणार. आज माझी मुलगी शाळेच्या संघात उजव्या बगलेवरून खेळते. तिला रविवारी घेऊन जायचं की नाही, हा प्रश्न आमच्या घरात या आठवड्यात खराखुरा उभा आहे. आणि असा प्रश्न पडलेली आई मी एकटी नाही, हे दुकानात येणाऱ्या बायकांशी बोलून मला माहीत आहे.

मला या सामन्याकडून काय हवंय? सगळ्यात आधी, चांगला खेळ. मोठ्या सामन्यात दोन्ही संघ हरायचं नाही म्हणून खेळतात, मधल्या फळीत नुसती ढकलाढकली होते आणि मग सगळं टायब्रेकरवर जातं. टायब्रेकरला माझा विरोध नाही, त्यात गोलरक्षकाची छाती कळते. पण मैदानी गोल बघायचाय. बगलेवरून पळत जाऊन गोललाइनपासून मागं टाकलेला पास, आणि धावत आलेल्याने तो पहिल्याच टच्यात लगावलेला. दुसरं, पेठेतल्या पोरांना खेळायला मिळावं. बाहेरून आणलेले खेळाडू, परदेशी खेळाडू यांनी आपल्याकडच्या खेळाचा वेग वाढवला हे मान्यच करायला हवं. पण १८-१९ वर्षांचा पोरगा वर्षभर पहाटे उठून पळतो आणि मोठ्या सामन्याला बाकावर बसतो, तेव्हा त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात आपल्या देशाच्या संघातून कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. त्या दिवसांत आमच्या दुकानात क्रेप बँडेज आणि वेदनाशामक स्प्रे घ्यायला येणारी सांगलीची पोरं सुद्धा ‘आता आपल्यातला पण जाईल’ असं बोलायची. ती आशा टिकायची तर या पोरांना भरलेल्या मैदानासमोर खेळायची सवय लागली पाहिजे. रिकाम्या पायऱ्यांसमोर कोण मोठा होणार?

आता काळजीचं.

पहिली काळजी मोबाइलची. सामन्याच्या आठवडाभर आधीपासून स्टेटस, रील, एकमेकांच्या पेठेला डिवचणारी गाणी सुरू होतात. पूर्वीही शेरे मारले जायचे, पण ते तोंडावर मारावे लागत, आणि समोरचा ओळखीचा असे, त्यामुळे जीभ आवरत असे. आता सांगलीत बसलेला, शिवाजी पेठ कधी नीट न पाहिलेला पोरगासुद्धा रात्री एक वाजता काहीबाही टाकतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करत होता. पहाटे शंभर फुटी रोडवर पळताना दिसायचा. एका सामन्यानंतरच्या गोंधळात तो होता, हातात काही नव्हतं असं तो शपथेवर सांगतो, पण व्हिडिओत दिसला आणि नाव गुन्ह्यात आलं. भरतीत चारित्र्य पडताळणी असते हे त्याला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई माझ्या दुकानात बीपीच्या गोळ्या न्यायला येते. पूर्वी महिन्याच्या एकदम न्यायची, आता पंधरा दिवसांच्या नेते, कारण वकिलाचे हप्ते चालू आहेत. ही बाई आयुष्यात कधी फुटबॉलच्या मैदानावर गेलेली नाही. स्टेटस टाकणाऱ्या प्रत्येक पोराने तिला एकदा भेटावं असं मला मनापासून वाटतं.

दुसरी काळजी दाराची. हे जरा नीट सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातल्या स्पर्धेला आम्ही गेलो होतो. गावाचं आणि आयोजकांचं नाव घेत नाही, कारण मला कुणाला कोर्टात खेचायचं नाही. सामना संपायला थोडा वेळ असताना एका बाजूला बाचाबाची झाली. दगड आला की नुसती बाटली आली, कुणास ठाऊक. बसलेली माणसं एकदम उठली. आम्ही होतो त्या बाजूचं लोखंडी फाटक दोन दारांचं. त्यातलं एक दार उघडं आणि दुसऱ्याला साखळी घातलेली. तिकीट तपासायला सोपं जावं म्हणून दुपारी एकच दार उघडलं असणार, आणि नंतर ते तसंच राहिलं. मुलगी तेव्हा लहान होती. तिला मी छातीशी धरलं, तर मागून येणाऱ्या माणसांचा भार माझ्या पाठीवर आणि पुढे त्या साखळीच्या दाराचा गज. ओरडायलाही श्वास पुरेना. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी, बहुधा दुसऱ्या संघाचे, त्यांच्या गळ्यात त्या संघाचा रुमाल होता, दोन्ही हात गजाला टेकवून पाठीचा बाक केला आणि पोरीला त्या पोकळीत घेतलं. कुणीतरी बाहेरून साखळी काढली तेव्हा आम्ही सुटलो. पोरीच्या दंडावर गजाचा व्रण बरेच दिवस होता. तिथं कुणी कुणाला मारायला आलेलं नव्हतं. आम्हाला चेंगरलं ते अर्ध्या दाराने.

तेव्हापासून जगात कुठंही अशी बातमी आली की मी ती दारापाशी थांबून वाचते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी इंडोनेशियात, पूर्व जावामधल्या मलांग शहराजवळच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये अरेमा आणि पर्सेबाया या शेजारी शहरांच्या संघांचा सामना होता. तिथली खुन्नस आपल्याला लाजवेल अशी. म्हणून पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना येऊच दिलेलं नव्हतं. मैदानात सगळे एकाच बाजूचे. यजमान संघ ३-२ असा हरला, काही माणसं चिडून मैदानात उतरली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तोही नुसता मैदानावर नव्हे, बायकापोरं बसली होती त्या पायऱ्यांकडेसुद्धा. डोळे जळायला लागलेली माणसं दारांकडे धावली. काही दारं पुरेशी उघडी नव्हती, जिने अरुंद होते. १३५ माणसं गेली. बहुतेक चेंगरून, गुदमरून. स्टेडियममध्ये गर्दीवर असा धूर सोडू नये, असा फिफाचा नियम तेव्हाही होता.

एकाच पेठेला पास द्या, म्हणजे सगळं शांत होईल, असं जे म्हणतात त्यांनी हे ध्यानात घ्यावं. कांजुरुहानमध्ये दुसरी पेठ नव्हतीच. बंगळुरूत ४ जून २०२५ रोजी क्रिकेटच्या विजयोत्सवात चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर ११ जण गेले, तिथं तर सगळे एकाच संघाचे आणि आनंदात होते.

कोलकात्याचंही सांगायला हवं, कारण ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्याशी आमच्याकडचे लोक आपल्या सामन्याची तुलना फार अभिमानाने करतात. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर त्यांच्या लीग सामन्यात मैदानातली झटापट पायऱ्यांवर पसरली आणि १६ प्रेक्षक मेले. हरेक जण कुणाच्या तरी घरातून जेवून निघालेला असणार. कोलकात्याने त्यानंतर सामना बंद केला नाही. त्या तारखेला तिथं दरवर्षी रक्तदान शिबिर होतं, दोन्हीकडचे लोक रक्त देतात. आणि १३ जुलै १९९७ रोजी त्याच दोन संघांच्या फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ प्रेक्षक होते. एक लाखावर! ईस्ट बंगालने ४-१ असा सामना जिंकला, बायचुंग भुतियाने हॅट्ट्रिक केली, आणि आज त्या दिवसाची आठवण निघते ती त्या गोलांसाठी. एवढी माणसं एका ठिकाणी बसू शकतात आणि सामना पाहून घरी जाऊ शकतात.

याच दोन संघांचा प्रेक्षकांविना झालेला सामनाही मी पाहिलाय, टीव्हीवर. करोनाच्या काळात, २७ नोव्हेंबर २०२० ला, गोव्यात वास्कोच्या टिळक मैदानावर. मोहन बागान २-० ने जिंकलं. दुसरा इलाज नव्हता, त्याबद्दल तक्रार नाही. पण गोल झाल्यावर खेळाडू सवयीने पायऱ्यांकडे वळायचे आणि तिथं कुणी नसायचं. माझे वडील तेव्हा होते. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘बंद कर, सराव चाललाय.’

आणि एक आठवण बाई म्हणून मला फार मोलाची वाटते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. शहरात आंदोलनं सुरू होती, म्हणून १८ ऑगस्टचा ड्युरंड कपमधला ईस्ट बंगाल-मोहन बागान सामना बंदोबस्ताचं कारण देऊन रद्द झाला. त्या संध्याकाळी दोन्ही संघांचे चाहते, त्यांच्यासोबत कोलकात्याच्याच मोहम्मेडन स्पोर्टिंग या तिसऱ्या संघाचेही, स्टेडियमबाहेर एकत्र जमले आणि त्या मुलीसाठी न्याय मागायला एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्याही त्यांनी एकत्र खाल्ल्या. ज्यांना एकमेकांशेजारी बसवायची भीती वाटत होती, तीच ही माणसं. आमच्या दोन पेठांनीही पुराच्या वेळी हे केलंय. २०१९ च्या पुरात सांगली पाण्याखाली असताना कोल्हापूर स्वतः बुडालेलं होतं, तरी पाणी उतरायला लागल्यावर तिकडच्या तालमींच्या पोरांनी आमच्या आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांतला गाळ काढायला हात लावला. माझ्या चुलत सासऱ्यांच्या घरी आलेल्या पोरांत कोण कुठल्या पेठेतला, हे कुणी विचारलंही नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की, सामना भरल्या मैदानात घ्या, दोन्ही पेठांना बोलवा, आणि जी मेहनत प्रेक्षक थांबवायला करणार आहात ती दारांवर करा. सामना सुरू होण्याआधी प्रत्येक फाटकाची दोन्ही दारं पूर्ण उघडतात का, हे कुणीतरी स्वतः ढकलून बघावं. सामना चालू असताना एकाही दाराला साखळी-कुलूप नको, आणि प्रत्येक दारापाशी एक माणूस असा हवा की ज्याचं काम दार उघडं ठेवणं एवढंच आहे. त्याने खेळ बघायचा नाही. जेवढी जागा तेवढेच पास. सामना संपल्यावर दोन्ही बाजू एकदम सोडू नयेत. आधी एक, पंधरा-वीस मिनिटांनी दुसरी, आणि त्यांचे रस्ते वेगळे. मागे राहिलेल्यांना तेवढा वेळ पाणी आणि सावली मिळाली तर कुणी कुरकुर करणार नाही. चारच्या उन्हात बसलेल्या माणसाचं डोकं पाण्यावाचून तापतं, यात कुठल्या पेठेचा दोष नाही. लहान मुलं आणि बायका बसतात त्या भागाजवळचं दार सगळ्यात रुंद असावं. अश्रुधुराचा तर विचारही पायऱ्यांच्या बाबतीत कुणी करू नये. बंदोबस्ताला येणारे पोलीसही आपलेच, सकाळपासून उभे असतात, त्यांना जेवायला सोडायची सोय नसते. त्यांच्या जागी पेठेतली माणसं कडेला बसली तर त्यांचंही ओझं कमी होईल.

पेठेतली माणसं म्हणजे कोण, तर तालमीतली थोरली माणसं. कोल्हापूरचे हे संघ तालमींतून आलेत, कुस्तीच्या आखाड्यांच्या मातीतून. आणि आखाड्याची शिस्त सांगलीच्या माणसाला शिकवायला नको. ज्या जिल्ह्याने कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने दिले, ज्या जिल्ह्यात कुंडलचं मैदान भरतं, तिथं कुस्ती लागली की हजारो माणसं ईर्षेने ओरडतात, फेटे उडवतात, पण पंचाने हात वर केला की केला. वस्तादाने नजर टाकली की पोरगा जागेवर बसतो. तशी वस्तादाच्या वयाची, पोरांनी ज्यांच्या हाताखाली दंडबैठका मारल्या अशी दहा-पंधरा माणसं दोन्ही बाजूंच्या पहिल्या पायरीवर बसवा. पोरं लाठीला भीत नाहीत, पण ‘अरे ए, कुणाचा रे तू?’ एवढं विचारलं की खाली बघतात. हे मी अनेकदा पाहिलेलं आहे.

दोन्ही संघांच्या कप्तानांनाही एक सांगणं आहे. पंचांच्या निर्णयावर आठ-दहा खेळाडू त्यांना घेरतात, हातवारे करतात, ते पायऱ्यांवरून सगळ्यांना दिसतं. मैदानातला प्रत्येक हातवारा पायऱ्यांवर दसपट होतो. बोलायचं तर कप्तानाने एकट्याने बोलावं. पंच चुकतात, मीही त्यांच्या नावाने तोंडसुख घेतलंय, पण एका पंचाच्या पत्नी आमच्या दुकानात येतात आणि मोठ्या सामन्याच्या दिवशी ते घरी पोचेपर्यंत त्या फोन हातातून ठेवत नाहीत.

आणि आता आपल्याकडे, म्हणजे वर्तमानपत्रांकडे वळते. राग मानू नये. सामन्याच्या आधी क्रीडापानांवर जे मथळे येतात त्यांत बदला असतो, हिशेब असतो, रणांगण असतं. वाचायला चुरचुरीत वाटतात. पण तेच कात्रण दुसऱ्या मिनिटाला फोटो काढून स्टेटसला लागतं, त्यावर दोन शिव्या जोडल्या जातात आणि ते पेठ ओलांडतं. त्याऐवजी खेळावर लिहा ना. कुणाची बचावफळी कुठल्या बाजूने उघडी पडते, कुणाचा गोलरक्षक उंच चेंडूला पुढं येतो, कुठल्या पोराने यंदा पहिल्यांदा जागा मिळवली, त्याचे आईवडील काय करतात. हे वाचायला लोक आतुर असतात. माझी मुलगी तर क्रीडापान कापून वहीत चिकटवते. तिच्या वहीत रणांगण नको, त्या पोराचा फोटो असावा असं मला वाटतं.

माझ्या स्वतःच्या पेठेलाही सांगते. आम्ही जिंकलो तर मिरवणूक शिवाजी पेठेच्या दारावरून न्यायची काही गरज नाही. गुलाल आपल्या चौकात उधळा, हलगी आपल्या तालमीपुढं वाजवा, रात्रभर वाजवा, पण त्यांच्या दारात नको. परीक्षेचे दिवस आहेत, त्यांचीही पोरं अभ्यासाला बसलेली असतात. हरलो तर मुकाट्याने घरी येऊन खोबरं किसायला घ्यायचं.

रविवारी आम्ही जायचं ठरवतोय. मुलीने अजून तिची जर्सी कपाटातून काढलेली नाही, माझ्या तोंडाकडे बघत असते. शनिवारपर्यंत दारांची आणि सुटण्याच्या वेळांची माहिती मिळाली तर मी तिला हो म्हणेन, आणि सांगली-मिरजेची आणखी बरीच घरं हो म्हणतील. तेवढ्यासाठी आपल्याला विनंती आहे: आयोजक आणि पोलीस यांच्याकडून कुठल्या बाजूचं दार कोणतं, बायका-मुलांनी कुठून यावं, गाड्या कुठे लावाव्यात, सामना संपल्यावर कोण आधी सुटणार, रुग्णवाहिका कुठे उभी असेल, ही माहिती मागवून शनिवारच्या अंकात चौकटीत छापावी. शक्य झालं तर स्टेडियमचा साधा नकाशाही द्यावा. सांगलीहून जाणाऱ्यांना तिथल्या गल्ल्या पाठ नसतात.

आपली,
मंगळवार पेठेची एक माहेरवाशीण,
विश्रामबाग, सांगली